धंद्याचं नाव आधीच कुणी घेतलंय का, हे नक्की कुठे कुठे बघायचं?

ताम्हण_परळ
नमस्कार मंडळी. घाई आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मी आणि माझी नणंद घरून गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून देतो. आतापर्यंत सगळं ओळखीपाळखीत चाललं होतं. पिशवीवर मार्करने पदार्थाचं नाव आणि तारीख, बस. आता दादरच्या एका दुकानदाराने माल ठेवायची तयारी दाखवली आहे, पण त्याची अट आहे, "ताई, नाव-लेबल सगळं करून आणा, कोरी पिशवी मी फळीवर लावत नाही." एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी झालेली आहे.

नाव 'खमंग' ठरवलंय. नवऱ्याने नेटवर बघितलं, पुढे आणखी एक शब्द जोडला तर वेबसाइटचा पत्ता मिळतोय, इन्स्टावरही तसंच. त्यामुळे त्याचं म्हणणं, नाव मोकळं आहे, छापा लेबलं. नणंद म्हणते आधी नीट चौकशी कर. प्रेसवाला पाच हजारांच्या खाली छापायला तयार नाही. तर नाव मोकळं आहे की नाही हे बघायची अशी एकच जागा आहे का? गुमास्ता काढला की नाव आपलं होतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोका_बोरिवली
रुमाल टाकून ठेवतो. अवांतर: मेतकूट बोरिवलीला पोचवता का?

अर्धा_सीए
गुमास्त्याचं आधी सांगतो, कारण हा गैरसमज मुंबईत घरोघरी आहे. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. २०१७च्या नव्या कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पावती येते, संपलं. तुम्ही त्यात नाव काय लिहिता आणि तेच नाव शेजारच्या गाळ्याने लिहिलंय का, हे कुणी तपासत नाही. लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीचं तेच. जीएसटीचं तेच. एफएसएसएआयचंही तेच. या सगळ्यांवर तुमचं नाव छापून येईल, बँकेत खातं उघडेल, पण त्या नावावर तुमचा हक्क आहे असं यातला एकही कागद म्हणत नाही.

उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव आरक्षित करावं लागतं. हजार रुपये फी, दोन नावं सुचवता येतात, मंजूर झालं की वीस दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात. तिथे मात्र तपासतात. अनेकवचन केलं, स्पेलिंग फिरवलं, मागे गावाचं नाव लावलं, यातलं काहीही वेगळेपण म्हणून धरत नाहीत. म्हणजे 'अमुक फूड्स' असताना 'अमुक फूड्स मुंबई' चालायचं नाही.

अण्णा_गिरगाव
कशाला एवढा घोळ घालताय? आमच्या दुकानाला आजोबांनी गणपतीचं नाव दिलं. मुंबईत त्या नावाची दुकानं मोजायला बसलात तर चतुर्थी ते चतुर्थी पुरायची नाही. आजवर ना आम्ही कुणाला नोटीस पाठवली, ना आम्हाला कुणाची आली. गिऱ्हाईक चवीला येतं, नावाला नाही. ताई, लेबलं छापा आणि माल द्या.

चकलीबाई
अण्णा, तुमचं दुकान गिरगावात एका जागी उभं आहे. गिऱ्हाईक तुमचं तोंड बघून येतं. ताईंचा माल दुसऱ्याच्या फळीवर बसणार आहे, तिथे तोंड नाही, फक्त लेबल आहे. फरक पडतो.

माझ्या मेहुण्याचं सांगते. ठाण्यात घरगुती डब्यांचा व्यवसाय, नाव झकास, डिलिव्हरी अ‍ॅपवर चांगला जम बसला होता. एक दिवस वकिलाचं पत्र, की हे नाव आमचं नोंदलेलं आहे. पाठोपाठ अ‍ॅपने त्याचं पानच बंद केलं, कारण समोरच्याने तिथेही तक्रार केली होती. कोर्टकचेरी काही झाली नाही, त्याने गुपचूप नाव बदललं. पण जुन्या नावावरचे सगळे रेटिंग आणि अभिप्राय गेले, तो पुन्हा शून्यावर. डब्यांवरचे स्टिकर अजून त्याच्या माळ्यावर आहेत.

फाइलवाला
अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात माझ्या चपला झिजल्या आहेत, म्हणून लिहितो. मी वकील नाही, ट्रेडमार्कचे अर्ज करणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात फायली सांभाळतो. हे सल्ला म्हणून न घेता माहिती म्हणून घ्या.

ताई, एकच जागा नाही. पण तुमच्यासाठी खरी महत्त्वाची जागा ट्रेडमार्क रजिस्ट्री, म्हणजे धंद्याची नावं-चिन्हं नोंदवणारं सरकारी कार्यालय. तिच्या आयपी इंडिया या संकेतस्थळावर पब्लिक सर्च आहे, फुकट. तिथे ट्रेडमार्कचे ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ वस्तू, ३५ ते ४५ सेवा. मसाले, पिठं, भाजणी हे ३०व्या वर्गात. सर्च करताना वर्ग घालावाच लागतो आणि एका वेळी एकच, त्यामुळे ३० झाला की संपलं असं समजू नका. लोणची २९मध्ये येतात. बटाट्याचे वेफर्सही २९मध्ये. दुकान चालवणं ३५, हॉटेल-खानावळ ४३. एवढे चार तरी बघाच.

आता लोक चुकतात ते इथे. नाव एकदा टाकतात, 'मॅच विथ' म्हणजे हुबेहूब तेच नाव निवडतात, काही आलं नाही की खूश. ते सोडा. 'कंटेन्स' निवडा आणि नाव रोमन लिपीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी टाका. शेवटी ए लावून, न लावता, एच गाळून, मधे यू घालून. आपली मराठी नावं इंग्रजीत प्रत्येक जण आपल्या मर्जीने लिहितो, आणि रजिस्ट्रीच्या यादीत अर्जदाराने लिहिलं तसं पडलेलं असतं. त्यानंतर 'फोनेटिक' सर्च वेगळा करा, तो उच्चारावर चालतो. त्यात भलतीसलती नावंही येतात, कंटाळा न करता खाली उतरत जा.

मग समोरच्या रकान्यात स्थिती बघा. 'रजिस्टर्ड' कळतंच. 'ऑब्जेक्टेड' म्हणजे अर्ज मेला असं नाही, तपासनीसाने शंका काढली आहे, उत्तर देऊन तो उद्या पुढे जाऊ शकतो. 'अबँडन्ड' म्हणजे अर्ज सोडून दिला, पण धंदा सोडला असेलच असं नाही. 'रिमूव्ह्ड' म्हणजे दहा वर्षांनी नूतनीकरण केलं नाही. तिथेही लगेच उडी मारू नका. यादीतून काढल्यानंतरही वर्षभर ते नाव नव्या अर्जाच्या आड येऊ शकतं.

बोका_बोरिवली
वाचनखूण साठवली. फाइलवाले, तुम्हाला एक किलो भाजणी धागाकर्तीकडून लागू.

सव्वानऊची_लोकल
म्हणजे रजिस्ट्रीत नाव दिसलं नाही तर नाव आपलं, बरोबर?

फाइलवाला
अजिबात नाही, आणि हे मला चार वेळा सांगायचंय पण एकदाच लिहितो. नोंदणी नसलेला पण आधीपासून वापरणारा माणूस नोंदणीवाल्याला भारी पडतो. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ आहेच. शिवाय २०१५चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याचा. हलव्याचं जुनं दुकान, आणि दुसरा एक जण पुढे 'तिरुनेलवेली' जोडून तेच नाव वापरत होता. कोर्टाने सांगितलं, ज्याचा वापर आधीचा त्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. आणि आपला आधी वापरणारा कुठे बसलाय? लालबागला, भुलेश्वरला, एखाद्या चाळीत. तो कुठल्याच सर्चमध्ये दिसत नाही. म्हणून सर्च झाल्यावर बाजार पायी फिरायचा. ज्या दुकानांत तुमचा माल जाऊ शकतो, तिथल्या फळ्या वाचायच्या, दुकानदाराला विचारायचं. पोर्टलवाले हे करून देत नाहीत.

मुठेकाठचा
जुना निकाल आठवला, अमृतधारा विरुद्ध लक्ष्मणधारा, १९६२, सुप्रीम कोर्ट. दोन्ही औषधं. लक्ष्मणधारावाला म्हणाला, शब्द वेगळे आहेत, अर्थ वेगळे आहेत. कोर्ट म्हणालं, साधा माणूस दुकानात शब्दाची फोड करत बसत नाही, त्याला अर्धवट आठवलेलं नाव तो सांगतो, आणि एकूण नाद सारखा आहे. गंमत म्हणजे लक्ष्मणधारावाला बरीच वर्षं उघडपणे धंदा करत होता आणि समोरच्याने हरकत घेतली नव्हती, म्हणून त्याला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी दिली.

बोका_बोरिवली
म्हणजे 'भरतधारा' बिहारपुरती आणि 'शत्रुघ्नधारा' बंगालपुरती. रामायण पूर्ण.

चकलीबाई
बोका, अभ्यास करा.

मला दुसराच मुद्दा खटकतोय. 'खमंग' हे नाव आहे का? ते तर पदार्थाचं वर्णन आहे. मी उद्या माझ्या चकलीच्या पाकिटावर 'खमंग चकली' लिहिलं तर ताई मला थांबवणार का?

फाइलवाला
चकलीबाईंनी दुखरी नस दाबली. कलम ९. मालाचा प्रकार, दर्जा, गुण, गाव सांगणारा शब्द एकट्याने नोंदवायला गेलात तर हरकत येणारच. 'ताजं', 'चविष्ट', 'अस्सल', 'घरगुती', सगळे त्याच माळेतले. फार वर्षं वापरून तो शब्द म्हणजे तुमचाच माल अशी ओळख झाली तर गोष्ट वेगळी, पण ते पुराव्याने दाखवावं लागतं, जाहिराती, बिलं, विक्रीचे आकडे. नव्या धंद्याकडे ते कुठून येणार?

अण्णा_गिरगाव
मग उत्तमच की! शब्द कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणजे ताईंनाही कुणी अडवू शकत नाही. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय. छापा.

फाइलवाला
अण्णा, अर्धं बरोबर. वर्णन म्हणून वापरायला कुणी अडवणार नाही हे खरं. पण ताईंना तो शब्द पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरात, नाव म्हणून हवाय. त्यात दोन भानगडी. एक, एखाद्याने तोच शब्द विशिष्ट चित्रासकट, विशिष्ट अक्षरांत नोंदवलेला असतो, आणि ताईंचं लेबल त्याच्या जवळ गेलं तर पत्र येतं. दोन, ताईंचा माल चालला की शेजारच्या फळीवर त्याच रंगात दुसरी 'खमंग' भाजणी येईल आणि ताईंच्या हातात काही नसेल. मोकळं नाव आणि आपलं नाव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लोक पहिलं शोधतात आणि दुसरं मिळालं असं समजतात.

सव्वानऊची_लोकल
आडनाव का नाही लावत? मराठी माणसाचा हा कायमचा तोडगा. स्वतःचं नाव लावायला कोण अडवणार!

मुठेकाठचा
अडवतात. कलम ३५ प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरू देतं, पण 'प्रामाणिकपणे' यावर सगळा खेळ. महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्सचं प्रकरण मुंबईतूनच सुप्रीम कोर्टात गेलं होतं. महिंद्रा अँड महिंद्राने हरकत घेतली, २००१ साली सुप्रीम कोर्टाने अंतरिम मनाई उचलून धरली. कागद आणि जीप, धंद्याचा काही संबंध नव्हता. अगदी नामांकित नाव असेल तर वर्ग वेगळा आहे ही सबब चालत नाही.

उलट बाजूचंही सांगतो, नाहीतर लोक घाबरतील. कर्नाटक दूध महासंघाचं 'नंदिनी' दूध आणि बंगळूरच्या हॉटेलवाल्यांचं 'नंदिनी डिलक्स'. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. नंदिनी हे देवाधर्मातलं नाव, कुणा एकाने घडवलेलं नाही, माल वेगळा, चिन्ह वेगळं.

बोका_बोरिवली
मग 'शिवराय मसाले' ठेवा. कुणाची हिंमत आहे हरकत घ्यायची?

अर्धा_सीए
सरकारची. बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला आळा घालणारा १९५०चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहे, धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरायला बंदी. महात्मा गांधींचंही तसंच.

सव्वानऊची_लोकल
आणि पाटी मराठीतच हवी, अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्या रस्त्यावर पेंटर मिळेनासे झाले होते. एका मोबाइलवाल्याने तर...

चकलीबाई
पाट्यांवर वेगळा धागा काढा, इथे ताईंची लेबलं अडकली आहेत.

ताम्हण_परळ
सर्वांचे आभार! बोका, बोरिवलीचा विचार करू :)

फाइलवाले दादा म्हणाले तसं शनिवारी नणंद आणि मी फिरलो. आधी लालबागची मसाला गल्ली, मग दादरला रानडे रोड आणि आजूबाजूची घरगुती पदार्थांची दुकानं. आम्ही मसाला घेतोय असं दाखवून पाकिटं उलटीपालटी करून वाचत होतो. एका दुकानात भाजणीची सगळी पाकिटं एका ओळीत उभी होती आणि 'खमंग' हा शब्द त्यातल्या बहुतेकांवर होता. कुठे वरच्या कोपऱ्यात लाल फितीत, कुठे नावाच्या आधी. एका पाकिटावर तर कंपनीचं नाव खाली बारीक आणि 'खमंग' वर ठसठशीत पिवळ्या अक्षरात. नणंद माझ्याकडे बघत राहिली. दुकानातले काका म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक येऊन 'खमंग भाजणी द्या' म्हणालं, तर मी हाताला लागेल ते पाकीट देतो." तिथेच आमचा निकाल लागला.

'खमंग' बाद. पण आता नवं नाव काय?

अण्णा_गिरगाव
ते काका शहाणे आहेत. माझं मत मी अर्धं मागे घेतो.

बोका_बोरिवली
तुमची आयडीच ठेवा की. 'ताम्हण'. राज्याचं फूल, वर तांब्याचं भांडं. दोन्ही बाजूंनी फायदा.

ताम्हण_परळ
सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताम्हणात पळीपंचपात्र ठेवतात, मसाला नाही." विषय तिथेच संपला.

मुठेकाठचा
ज्याचा खाण्याशी संबंधच नाही असा शब्द घ्या. झाड, पक्षी, नक्षत्र, तुमच्या गावचा ओढा. ऐकताना काहीच कळत नाही ही सुरुवातीला अडचण वाटते, पण असाच शब्द टिकतो.

चकलीबाई
पण वर्णनाचं नाव नसलं तर सुरुवातीला विकायला त्रास होतो हेही लिहा ना. माझ्या चकलीचं नाव मी नदीवरून ठेवलं. पहिल्या दिवाळीला लोक विचारायचे, यात आहे काय? मग नावाखाली मोठ्या अक्षरात 'भाजणीची चकली' लिहिलं आणि भागलं. नाव वेगळं, माहिती वेगळी, दोन ओळी.

ताम्हण_परळ
हे आवडलं. काल रात्री जेवताना नणंदेने एक नाव सुचवलंय, आमच्या मूळ गावाजवळच्या एका...

फाइलवाला
ताई, थांबा!! नाव इथे लिहू नका. हा धागा कोण कोण वाचतंय माहीत नाही. आधी वर सांगितल्यासारखे सगळे सर्च करा, मग अर्ज टाका, मग मिरवा. ट्रेडमार्कच्या अर्जाचा टीएम-ए फॉर्म, ऑनलाइन, व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गाला ४५०० रुपये. बाकीच्यांना ९०००. मसाला, भाजणी एवढंच करणार असाल तर ३०वा वर्ग पुरे. लोणची खरंच सुरू करायची असतील तरच २९चे वेगळे भरा.

अर्ज केला की नावापुढे 'टीएम' लावू शकता. गोलातला 'आर' नोंदणी होईपर्यंत लावायचा नाही, ते कायद्यात बसत नाही. तपासणीचा अहवाल आला तर एका महिन्याच्या आत उत्तर द्यायचं असतं, इथे लोक ईमेल बघत नाहीत आणि अर्ज जातो. सगळं ठीक असेल तर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं, त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध करता येतो.

बोका_बोरिवली
निदान पहिलं अक्षर तरी सांगा.

ताम्हण_परळ
नाही सांगणार. दुपारी सर्च केला, चारही वर्गांत, सात-आठ स्पेलिंगं फिरवून. ३०मध्ये काहीच नाही. ४३मध्ये मिळतंजुळतं एक नाव आहे, स्थिती 'अबँडन्ड', पत्ता दुसऱ्या राज्यातला. दादरच्या काकांनाही फोन करून विचारलं, त्यांनी असं नाव ऐकलेलं नाही. प्रेसवाल्याला पाच हजार लेबलं नको सांगितलं. एक डिजिटल प्रिंटवाला थोडी थोडी छापून देतोय, नग महाग पडतो पण चालेल.

अर्धा_सीए
योग्य केलंत. आणि त्या नावाने पहिलं बिल फाडलंत की त्याचा फोटो, लेबलाची छपाईची पावती, दुकानदाराची ऑर्डर, सगळं तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवा. वापर कधीपासून हे उद्या तुम्हालाच दाखवावं लागेल. अर्ज करताना वापर आधीपासून आहे असं लिहिलं तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. वापर अजून नसेल तर 'वापरायचं आहे' एवढंच लिहा, उगाच मागची तारीख टाकू नका.

सव्वानऊची_लोकल
एक सावधगिरी. अर्ज केल्यावर तुमचं नाव-पत्ता जाहीर होतो. मग सरकारी वाटतील अशी पत्रं येतात, की अमुक रक्कम भरा नाहीतर नाव रद्द. आमच्या ऑफिसात एकाने जवळजवळ भरलेच होते. आपल्या अर्जाची स्थिती आयपी इंडियावर स्वतः बघायची, ईमेलमधल्या लिंकवरून पैसे भरायचे नाहीत.

ताम्हण_परळ
नोंद घेतली. शेवटचा प्रश्न. अर्ज कुणाच्या नावाने करायचा? काम आम्ही दोघी करतो. एफएसएसएआय माझ्या नावावर आहे. नवरा म्हणतो माझ्या नावाने टाक, लॉगिन मी सांभाळतो.

चकलीबाई
नवऱ्याच्या नावाने अजिबात नाही. लॉगिन सांभाळायला मालक व्हावं लागत नाही.

फाइलवाला
चकलीबाईंशी सहमत. दोघी मिळून धंदा असेल तर दोघींच्या नावाने संयुक्त अर्ज होतो, कायद्यात सोय आहे. भागीदारी केलीत तर अर्ज भागीदारांच्या नावाने आणि सोबत फर्मचं नाव. पण त्याआधी दोघींनी बसून एक साधा करार करा, उद्या एकीने काम सोडलं तर नाव कुणाकडे राहणार ते त्यात स्पष्ट लिहा. नणंद-भावजय आहात म्हणून लिहायचं टाळू नका. माझ्या फायलींमध्ये भावाभावांची भांडणं सगळ्यात जाड आहेत.

ताम्हण_परळ
नणंदेला वाचून दाखवलं. ती म्हणतेय करारात मेतकुटाची कृती तिच्या नावावर लिहा.